जागा जागी ठेवणारी कांता

"उठा गं बायांनो, सकाळ झाली!"

हे कांतामावशी नळांना म्हणायची. नीलांबर हाइट्सच्या सातव्या मजल्यावर एक रिकामा फ्लॅट होता, सातशे तीन. त्याचं दार उघडायचं, चपला बाहेर काढायच्या आणि आत कुणीही नाही हे पक्कं ठाऊक असताना अशी खणखणीत हाळी द्यायची. मग किचनचा नळ, बेसिनचा नळ, बाथरूमचा नळ. नळ आधी खोकायचे, मग तांबूस पाणी थुंकायचे, मग सुतासारखे सरळ व्हायचे. बाथरूमच्या जाळीत ती तांब्याने पाणी ओतायची, कारण जाळी कोरडी पडली की गटाराचा वास वर चढतो. खिडक्या सताड उघडायच्या, पंखे पाचवर सोडायचे आणि हॉलच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभं राहायचं.

"बंद जागा झोपते," ती मला सांगायची. "आणि झोपलेली जागा कोण घेणार? गिऱ्हाइकाला दारातच नाकाने कळतं. जागा कशी पाहिजे? जागी!"

कांता गौतम मोहिते, इस्टेट एजंट, काळाचौकी. जन्म ह्याच गल्लीतला, लग्नही ह्याच गल्लीत. "सासर-माहेर समोरासमोर," ती म्हणते, "रुसून जायची पण सोय नाय." वडील गिरणीत, नवरा बेस्टमध्ये कंडक्टर. तरुणपणी ती दारोदार साड्या विकायची. साडी दाखवायची म्हणजे आत जाऊन बसावं लागतं, चटई पसरावी लागते, चहा होतो. त्यामुळे कुणाच्या खोलीत पोटमाळा आहे, कुणाची मोरी आत आहे, कुणाचे दोन भाऊ एका खोलीत भांडतायत आणि कोण गावी जायच्या बेतात आहे, हे सगळं तिला न विचारता कळायचं. लोक साडी बघता बघता विचारायचे, "कांता, कुठे खोली आहे का गं लक्षात?" ती सांगायची. एकदा एक माणूस पेढ्यांचा पुडा आणि वर पाकीट घेऊन आला, तेव्हा तिला उमगलं की हा धंदा आहे. दुसऱ्या दिवशी उरलेल्या साड्या तिने बहिणींना वाटून टाकल्या.

पुढे एजंटांना परीक्षा लागली, तीही तिने दिली. गौतमकाका पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायचे आणि अख्ख्या मजल्याला ऐकू यायचं.

"कार्पेट एरिया म्हणजे काय?"

"गालिचा अंथरता येईल तेवढी जागा."

"चूक."

"मग बरोबर काय?"

"बरोबर ह्यात लिहिलंय. पण ते मला पण नाय कळलं."

पास झाली. सर्टिफिकेट घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली लावलंय. त्याच्यावर नजर गेल्याशिवाय पाहुण्याला तिथे बसता येत नाही.

पण परीक्षेच्या आधी मंदी होती, आणि ती मंदी कांतामावशीने अंगावर काढली होती. आधी नोटा बंद झाल्या, मग नवे कायदे आले, मग करोना. नीलांबर हाइट्स अर्धी विकली गेली होती, अर्धी तशीच राहिली. खालचं सेल्स ऑफिस बंद झालं, एसी काढून नेला, मुली गेल्या. बिल्डरचे म्हातारे शेट तेवढे एकदा येऊन चाव्यांचा जुडगा तिच्या हातात देऊन गेले. "कांताबाई, तुम्ही जवळच राहता. बघत जा."

ती बघत गेली. एजंटांची एक अख्खी फळी तेव्हा पसार झाली. कुणी विमा विकायला लागलं, कुणी वडापावची गाडी टाकली. मावशीला मंदीचं विचाराल तर ती म्हणते, "मंदी म्हणजे फोन वाजायचा आणि दर वेळी गौतमच असायचा. भाजी काय आणू?"

त्याच काळात मिरच्या आल्या.

आमच्या चाळीच्या अंगणात पूर्वी मसाल्याच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसायची. आता तिथे स्कूटरी असतात. छप्पर कौलारू. नीलांबरला गच्ची आहे, पण सोसायटीने तिथे सोलरचे पत्रे बसवून कुलूप घातलंय. आणि मालवणी मसाल्याला मिरची कडकडीत वाळलेली लागते. लालबागच्या डंकावर, मसाला कुटायला, जरा ओलसर मिरची नेलीत तर डंकवाला ती परत करतो, वर चार माणसांत बोलतो.

तर एका वैशाखात आमच्या शेजारच्या कमलाबाई घाडी कांतामावशीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "कांता, तुझ्याकडे ऊन आसा ना गो?"

"ऊन?"

"त्या सातव्या माळ्यावर. नुसता फुकट जाता."

सातशे तीनच्या हॉलमध्ये दुपारनंतर ऊन असं येतं की फरशीवर पाय ठरत नाही. त्या वर्षी कमलाबाईंची बेडगी तिथे पसरली. पुढच्या वर्षी माझ्या आईची संकेश्वरी, मग कुणाचे धणे, कुणाची हळकुंडं, कुणाच्या कुरडया. जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यावर लाल ढीग, आणि भिंतीला टेकून बायका. रिकाम्या घरात आवाज घुमतो, त्यामुळे साधं "मीठ संपलं" म्हटलं तरी तिसऱ्या अंकातलं वाक्य वाटायचं.

आणि कांतामावशी त्या घोळक्यात बसून सातशे तीनची गाऱ्हाणी गायची. मुलीचं लग्न जमत नाही म्हणून आई जशी गाते, अगदी तशी.

"दार दक्षिणेला. लोक आत पण येत नाहीत हो. उंबऱ्यावरच मोबाइल काढून दिशा बघतात आणि मागे फिरतात. मी म्हणते, अहो, यम आला तरी लिफ्टनेच येणार ना? लिफ्ट उत्तरेला आहे!"

बायका हसायच्या. मावशीला आणखी चेव यायचा.

"त्यात किचनमध्ये हा खांब. फ्रिज सरळ लागतच नाय, तिरका लावावा लागतो. वर डोक्यावर लिफ्टची मोटर. आणि गणपतीत मंडळाचा स्पीकर बरोब्बर ह्या खिडकीत. दहा दिवस माणसाने खुणांनी बोलायचं."

कमलाबाई मिरच्या उलटवत ऐकायच्या. त्या फार बोलत नाहीत. ऐकतात मात्र सगळं.

मग एक दिवस फोन वाजला आणि तो गौतमकाकांचा नव्हता. सरकारने स्टॅम्प ड्युटी कमी केली, बँकांनी व्याज उतरवलं, घरात कोंडून बसलेल्यांना आपली घरं किती लहान आहेत ते कळलं. कारणं काहीही असोत, फोन वाजत सुटला. नीलांबरमधले पडून राहिलेले फ्लॅट एकेक करून गेले. समोरच्या बंद गोदामाच्या जागेवर नव्या टॉवरसाठी खड्डा खणायला सुरुवात झाली. मावशीने दोन नवीन पंजाबी ड्रेस शिवले आणि चष्म्याची फ्रेम बदलली. राहिला एकच फ्लॅट, सातशे तीन.

शेटच्या जागी आता त्यांचा मुलगा आला होता, आणि मुलाने यशोधनला नेमलं होतं. यशोधन तिशीतला, पुण्याचा, शर्टाच्या बाह्या मोजून दुमडलेल्या. वाईट नाही हो. सगळ्यांना 'मॅडम' म्हणतो, अगदी झाडूवालीलासुद्धा. तो मावशीला म्हणाला, "मॅडम, नव्या टॉवरसाठी एक मोठी एजन्सी मागे लागली आहे. त्यांचे पंधरा जण, टॅब, थ्रीडी व्ह्यू, सगळं. सरांचं म्हणणं असं, की अक्षय तृतीयेपर्यंत सातशे तीन गेला तर नवीन काम तुमच्याकडे. नाहीतर चाव्या त्यांना द्याव्या लागतील."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मावशी घरी आली आणि न जेवता बसली. हे मी पाहिलंय, कारण मी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेले होते. गौतमकाका म्हणाले, "जाऊ दे गं. रिटायर हो माझ्यासारखी."

"तू रिटायर झालास, तुझ्या बसची घंटी दुसरा मारतो. माझी गल्ली दुसऱ्याने चालवायची? त्या पंधरा पोरांना विचार, ह्या गल्लीत पाणी किती वाजता येतं? नाय सांगता येणार!"

"तुझ्यासमोर त्यांना कोण विचारतंय," काका म्हणाले. "जेव."

तिने चाळीत फर्मान काढलं: ह्या वर्षी सातशे तीनमध्ये मिरच्या नाहीत. सगळ्या बायकांनी मान डोलावली. पण एक गोष्ट मावशी विसरली. फार पूर्वी तिने वॉचमन मनूला जादा किल्ली देऊन सांगून ठेवलं होतं, "मसाल्याच्या दिवसांत बायका आल्या की मला विचारत बसू नको, उघडून दे." मनू आज्ञाधारक. आणि कमलाबाईंचं म्हणणं, फर्मान निघालं तेव्हा त्या बाजारात होत्या. आई म्हणते तिने ऐकलंच नाही. एकूण काय, तर अक्षय तृतीयेच्या आदल्या शनिवारी आम्ही मिरच्या पसरून बसलो होतो. कमलाबाई आतल्या खोलीत, नाका-तोंडाला फडकं बांधून देठं काढत होत्या. मी हॉलमध्ये, पंख्याखाली.

किल्ली फिरली. दार उघडलं. दारात कांतामावशी, नवीन ड्रेस, चेहऱ्यावर गिऱ्हाइकाचं हसू. मागे यशोधन. त्याच्या मागे सुशांत नावाचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको, दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"या, या, हा आपला प्रशस्त हॉ..." मावशी म्हणाली आणि थांबली.

मी घाईघाईने उठले. उठताना माझा पाय रेग्युलेटरच्या बोर्डाखाली ठेवलेल्या टोपलीला लागला, तोल सावरायला मी भिंतीकडे हात टाकला तो नेमका रेग्युलेटरवर, आणि पंखा तीनवरून पाचवर गेला.

पुढचं वर्णन करता येण्यासारखं नाही. पहिली शिंक बाईंना आली. मग सुशांतना, पाठोपाठ. यशोधनने "एक्स्क्यू..." म्हणून रुमाल काढला आणि पुढचा शब्द रुमालातच अडकला. मावशी शिंकत शिंकत म्हणत होती, "व्हेंटिलेशन बघा, आक्छी, किती छान आहे!" सुशांतरावांनी एका हाताने डोळे पुसले, दुसऱ्या हाताने मोबाइल पुढे धरला, आणि अश्रूंतून त्यावरची सुई वाचली.

"हे... हे दक्षिणेला आहे," ते म्हणाले. आणि लिफ्टची वाटही न बघता ते दोघं जिन्याने उतरले. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांच्या शिंका ऐकू येत होत्या.

मी पंखा बंद केला.

यशोधनने डोळे पुसून फरशीकडे बोट दाखवलं. "मॅडम, हे काय आहे?"

"मिरची," मावशी म्हणाली.

"ते कळलं मला."

"बेडगी आहे. तिखटाला कमी असते, रंगाला..." तिचा आवाज खाली गेला. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली, नवीन ड्रेस मिरच्यांत. "जाऊ द्या, सर. चाव्या सोमवारी देते."

तेवढ्यात आतून कमलाबाई आल्या. फडकं अजून तोंडाला. "कांता, ह्या जागेचा काय सांगतत?"

"आता नको, कमलाताई."

"सांग तर."

मावशीने मरगळल्या आवाजात आकडा सांगितला. कमलाबाईंनी फडकं सोडलं, घडी घातली, कमरेला खोचलं.

"दक्षिणेच्या दाराचे पण एवढेच?"

"दाराला काय होतंय? चांगलं भक्कम दार आहे."

"मग तो माणूस कित्याक पळालो? माझ्या तोंडाक बघून?"

"तुमच्या मिरचीने पळाला!"

"बरा. किचनात खांब आसा."

मावशीने मान वर केली. "खांब आहे म्हणून इमारत उभी आहे."

"फ्रिज तिरको लागता."

"तिरका लागला की मागून पुसता येतो."

"हॉल तापता."

"ह्याच हॉलमध्ये तुमच्या मिरच्या सुकतायत इतकी वर्षं!"

"मिरची सुकता, तसो माणूस पण सुकतलो. वर लिफ्टची मोटर आसा. गणपतीत स्पीकर खिडकीत. दहा दिवस खुणांनी बोलूचा. कोणी सांगल्यान?"

"मी सांगितलं!" मावशी ताडकन उभीच राहिली. "मीच सांगितलं! जीभ झडो माझी! कुठली खोड राहिली असेल तर ती पण सांगते, थांबा!"

यशोधन एकदा हिच्याकडे बघत होता, एकदा तिच्याकडे. मला मात्र जागचं हलवेना. एवढं चांगलं प्रवेशाचं टायमिंग मी आमच्या नाटकाच्या तालमीतही पाहिलेलं नाही.

"आता खरं सांगा," मावशी म्हणाली, "तुम्ही विचारताय, की माझी मस्करी करताय?"

कमलाबाई खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या. "अभय आणि मनवा वर्षभर जागा बघतत. बदलापूर बघलानी, खारघर बघलानी."

अभय त्यांचा मुलगा. तो बँकेत, मनवा पालिकेच्या इस्पितळात नर्स. चाळीतली खोली पुरेना म्हणून दोघं अँटॉप हिलला भाड्याने राहतात.

"अभय जागा बघतोय?" मावशी म्हणाली. "आणि मला कळलं नाही? मला?"

"तू विचारलंस कधी? गाडीतून उतरलेल्याक तू पाणी देतंस, हसतंस, 'प्रशस्त हॉल' म्हणतंस. माझ्यासमोर नुसती रडतंस. इतके उन्हाळे मी ह्या जागेत बसतंय, एकदा तरी म्हटलंस, कमलाताई, ही घेता काय? मी गिऱ्हाईक नाय?"

गल्लीतलं सगळं जिला न विचारता कळायचं, तिने नेमकं हेच विचारलं नव्हतं. तिच्या डोक्यात गिऱ्हाईक नेहमी बाहेरून यायचं.

"पण... परवडेल?" तिने अगदी हळू विचारलं.

"ह्यांच्या गिरणीची पनवेलची जागा लागलेली ना सोडतीत. ती विकतलो. दोघांचे पगार आसत. कमी पडतला त्याचा कर्ज. पण तुझ्या ह्या आकड्याक नाय हां! खोड्या धरून सांग."

यशोधन पुढे झाला. "आजी, तुमचं बजेट साधारण किती..."

"तू गप रव," कमलाबाई म्हणाल्या. "एजंट ही आसा. मी हिच्याशीच बोलतलंय."

मावशीने ओढणी सारखी केली. चष्मा नाकावर वर ढकलला. आणि यशोधनला हाताने मागे सारत म्हणाली, "सर, तुम्ही जरा गॅलरीत उभे राहा. इथे मिरची आहे, त्रास होईल."

संध्याकाळपर्यंत अभय-मनवा आले, बरोबर कमलाबाईंचे यजमान दत्तारामकाका. मनवाने फ्रिजची जागा हाताने मापली, तिरकं उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "चालतंय की." अभय म्हणाला, "आई, दार दक्षिणेला..." "गावच्या घराचा दार खय आसा?" आईने विचारलं. तो मुकाट्याने बाथरूम बघायला गेला. दत्तारामकाकांनी सगळ्या भिंती बोटांनी टकटक वाजवून बघितल्या, मत काही दिलं नाही, मिरच्या बाजूला सारून कोपऱ्यात आडवे झाले आणि घोरायला लागले.

"पसंत आसा त्यांका," कमलाबाई म्हणाल्या.

आकडा कितीवर थांबला ते मी सांगणार नाही, कारण मावशीने मला शपथ घातली आहे. एवढंच सांगते की यशोधन दोनदा साहेबांना फोन करायला गॅलरीत गेला आणि दोनदा घाम पुसत आत आला. पडदे लावायच्या दांड्या बिल्डरकडून ठरल्या. त्या कुणाच्याच हिशेबात नव्हत्या, कमलाबाईंनी अगदी शेवटी काढल्या.

अक्षय तृतीयेला टोकन दिलं. खाली रस्त्यावर, नव्या टॉवरच्या खड्ड्यासमोर यशोधनने मावशीच्या हातात पेढा ठेवला. "मॅडम, टॉवरचं काम तुमचं. सरांनी हो म्हटलंय. फक्त एक विनंती. ह्यातल्या खोड्या कुणाला आधी सांगू नका."

"मग कधी सांगू?"

"सांगूच नका!"

"मग माणूस भाव कशाचा करणार? भाव नाय केला तर घेतल्यासारखं वाटेल का त्याला?" मावशीने पेढा अर्धा करून त्याच्याच तोंडात कोंबला. "तुम्ही पुण्याचे. शिकाल हळूहळू."

तेव्हापासून गल्लीत एक नवीन त्रास सुरू झालाय. कांतामावशी कुणालाच सोडत नाही. इस्त्रीवाल्याला विचारते, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारते, मनूला विचारते. "तुम्ही जागा बघताय का?" गौतमकाका म्हणतात, परवा तिने झोपेत त्यांनाही विचारलं.

काल मला जिन्यात गाठलं.

"काय गं, तुझं काय?"

"मावशी, आत्ता नाही हं लग्नाचं..."

"लग्नाचं कोण विचारतंय? जागेचं विचारतेय."

"नाटकवालीला बँक कर्ज देते का?"

तिने मला खालपासून वर न्याहाळलं. साडी दाखवायच्या आधी ती पूर्वी असंच बघत असणार.

"खोताच्या वाडीत एक म्हातारी बाई आहे," ती म्हणाली. "माडीवरची खोली भाड्याने द्यायचीय तिला. जिना मोडका आहे, संडास खाली आहे आणि बाई दिवसभर बोलते. चल, चपला घाल."

मी चपला घातल्या.